तटाच्या आतल्या बाया

सिपोरामावशी पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी बूट काढले, कोट खुर्चीवर टाकला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन माझी कपाटं उघडली. तांदळाची पिशवी उचलून तिचं वजन हातावर तोललं, डाळींचे डबे कानाशी धरून हलवले, फ्रीजरमधले मटारसुद्धा सोडले नाहीत. मग वळून म्हणाल्या, "नऊ दिवस. दोघंच आहात ना? नऊ दिवस निघतील. तेही नळाला पाणी राहिलं तर."

माझा नवरा नितीन सोफ्यावरून म्हणाला, "मावशी, बारा दिवस धरा. मी डाएटवर आहे."

"डाएटवाले पहिल्या दिवशीच डबा शोधतात," मावशी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला वाटलं, बाईंचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय, आणि यांना दर रविवारी भेटायचं आपण कबूल करून बसलोय.

कबूल केलं होतं ते असं. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, की एका वयस्क बाईंना मराठी टाइप करून देणारं माणूस हवंय. मी इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करायला आले होते. दिवसभर प्रयोगशाळेत इंग्रजी, घरी नितीनशी अर्धं हिंदी अर्धं मराठी. मराठी लिहायला मिळेल एवढ्याच लोभाने मी हात वर केला होता.

मावशी बेने इस्रायली होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. अलिबागजवळचं गाव, पूर्वजांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मावशी मुंबईत नर्स झाल्या, लग्न करून मिशिगनला आल्या आणि तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डात काम करून निवृत्त झाल्या. नवरा गेलेला. मुलगी व्हर्जिनियात, हर्नडनला. नात तालिया इथेच शिकायला होती, तिच्यासोबत बसमार्गावरच्या एका लहानशा अपार्टमेंटमध्ये त्या राहत. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्याने समोरचं दिसत नसे, कडेचं दिसे. त्यामुळे बोलताना त्या मान तिरकी करून तुमच्या कानामागे कुठेतरी बघायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर संशय घेताहेत.

संशय लोक त्यांच्यावर घ्यायचे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला बायका विचारायच्या, "तुम्ही ख्रिश्चन का हो?" आणि सिनेगॉगमध्ये एका भल्या गृहस्थाने विचारलं होतं, तुम्ही ज्यू कधी झालात? "तुमच्या आधी," असं सांगून मावशी पुढे गेल्या होत्या. मी नागपूरची, बौद्ध. आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो, ती थांबण्याची जागा मला लहानपणापासून पाठ आहे. आम्हा दोघींचं जमलं त्यात ह्याचाही थोडा हात असावा.

त्यांना लिहायची होती कादंबरी. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमला वेढा पडला, शहर उपाशी मेलं, मग जळलं. त्या वेढ्यातल्या बायकांची गोष्ट. पहिल्या चार वह्या त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या, पाचवीपासून अक्षरं एकमेकांवर चढू लागली होती. म्हणून आता त्या सांगायच्या आणि मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे.

पहिल्याच रविवारी मी शहाणपणाने विचारलं, "मावशी, ह्यावर तर इतिहास लिहिलेला आहे ना?"

"आहे की. तटाबाहेर बसून, पोट भरल्यावर लिहिलाय. कुठला बुरूज कधी पडला ते सगळं आहे त्यात." मग तिरकी मान करून म्हणाल्या, "बाय, वेढ्यात महिन्याची पाळी आली तर कपडा कशाने धूत होत्या, ते शोधून दे मला त्यात."

मला नाही सापडलं. मावशींच्या वह्यांत मात्र ते होतं. पाणी प्यायला पुरत नाही तेव्हा राखेने कपडा कसा घासतात ते होतं. सणासाठी आठ दिवसांची शिदोरी घेऊन शहरात आलेल्या आणि दरवाजे बंद झाल्यावर आतच अडकलेल्या खेड्यातल्या बायका होत्या. धान्यासाठी घराघरांत झडती घेणाऱ्या आपल्याच पुरुषांना चुलीचा वास जाऊ नये म्हणून कच्चं पीठ चाटणाऱ्या सासू-सुना होत्या. ना राजा, ना सेनापती. एक गल्ली, गल्लीत एक जातं आणि ते ओढणारी तामार नावाची बाई. आणि ह्या सगळ्या बोलत होत्या अलिबागकडचं मराठी. एकमेकींना "बाय" म्हणत होत्या.

मी एकदा म्हटलं, "किती शूर होत्या ह्या सगळ्या."

मावशी एकदम चिडल्या. "शूर बिर काही नव्हत्या. अडकल्या होत्या. बाहेर पडायला मिळालं असतं तर पहिल्या दिवशी पळाल्या असत्या."

वेढ्याशी त्यांचं नातं पुस्तकातून जुळलेलं नव्हतं, स्वयंपाकघरातून होतं. यरुशलेमचं देऊळ जळालं त्या दिवशी ज्यू लोक कडक उपास करतात. कोकणात त्यालाच बिरड्याचा रोजा म्हणतात, कारण संध्याकाळी तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. वाल आदल्या दिवशी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि उपासाच्या दुपारी जमिनीवर बसून एकेक सोलायचे. "आमच्या आजीला वाचता येत नव्हतं," मावशी सांगायच्या. "यरुशलेम पूर्वेला की पश्चिमेला, ठाऊक नव्हतं. हिब्रू तर विसरूनच गेलेले सगळे. पण वाल कधी भिजवायचे ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. पिढ्या न् पिढ्या बायांनी रिकाम्या पोटी वाल सोललेत, त्यावर राहिलंय हे सगळं."

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला रोज्याच्या दुपारी वाल सोलायला बोलावलं. मी म्हटलं, "मावशी, आमच्यात उपास नाहीत. आज्याने एकदा सोडले ते सोडलेच."

"मग तू खाऊन ये. सोलायला हातच लागतात."

मी जेवून गेले आणि भरल्या पोटी तीन तास सोललं. उन्हाळी दुपार, खिडकीबाहेर सायकलवरून जाणारी पोरं आणि खाली जमिनीवर आम्ही तिघी. तालियाची बोटं सुजली, तिने "आजी, धिस इज टॉर्चर" म्हटलं, मावशी म्हणाल्या, "हो, तेच आहे."

त्या हिवाळ्यात माझं बाळ गेलं. सातवा महिना होता. पोटात हालचाल थांबली, आम्ही हॉस्पिटलला गेलो, आणि पुढचं मी इथे लिहीत नाही. मुलगी होती. घरी आल्यावर लोक भेटायला आले, फोन आले, भारतातून आले. सगळे चांगलंच बोलले. तुम्ही तरुण आहात, पुन्हा होईल, देवाची इच्छा, निसर्गाची इच्छा. नितीन सगळ्यांना चहा करून देत होता आणि मी उशीकडे बघत होते.

मावशी बर्फातून दोन बसा बदलून आल्या. कोट न काढताच पलंगाशी बसल्या आणि विचारलं, "वजन किती होतं?"

खोलीतले दोघंतिघं अवघडले. नितीन उठून बाहेर गेला. मी म्हटलं, "तीन पाउंड."

"म्हणजे नीट दोन्ही हातांत घेण्याएवढी होती," मावशी म्हणाल्या. "केस होते?"

"होते."

मग मी रडले. तोवर सगळे मला पुढे काय होणार ते सांगत होते. माझी मुलगी कशी होती हे विचारणाऱ्या त्या एकट्या. त्या दिवशी त्यांनी माझी कपाटं उघडली नाहीत, फक्त जाताना दाराशी भाताचं पातेलं ठेवलं आणि नितीनला म्हणाल्या, "हिला विचारू नको खातेस का. समोर ठेव."

मार्चमध्ये मी पुन्हा टाइप करायला जाऊ लागले. आणि त्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. मावशींना पॅन्क्रियाजचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी महिन्यांत बोलायला सुरुवात केली. आणि कादंबरी तामारच्या मुलीपाशी आली.

तामारला वेढ्यातच मूल झालेलं. दूध आटत चाललेलं. मावशी ते प्रकरण सांगायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला, एखादी नर्स पाळी बदलताना दुसरीला माहिती देते तसा. भुकेलं बाळ पहिल्या दिवशी कसं रडतं, दुसऱ्या दिवशी रडणं कसं बारीक होतं, ओठ कसे दिसतात, टाळूवर बोट ठेवलं तर काय लागतं. वॉर्डातल्या पोरींना त्या एक वाक्य नेहमी सांगायच्या, मीही ते अनेकदा ऐकलं होतं, "रडतंय तोवर घाबरू नका. गप्प झालं की धावा." ते वाक्य मला त्या दिवशी समजलं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. संपल्यावर त्यांनी वाचायला सांगितलं, मी वाचलं. त्यांनी एक शब्द बदलला आणि म्हणाल्या, "झालं. हे झालं म्हणजे पुस्तक झालं."

घरी येऊन मी ते बदललं.

आता सांगताना लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटली नाही. आपण काहीतरी चांगलं करतोय असंच वाटत होतं. मी अकरा ओळी घातल्या. शेजारीण शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा पदराखाली लपवून आणते, तामार तो पोरीच्या तोंडात पिळते आणि पोर जगते. एवढंच. पण एकदा पोर जगली की पुढच्या प्रत्येक प्रकरणात ती कुठेतरी असायला हवी, म्हणून मला पुढे आणखी चौदा ठिकाणी हात घालावा लागला. कुठे तामारच्या कडेवर दिली, कुठे शेजारणीपाशी झोपवली. ते आठ दिवस मी रोज प्रयोगशाळेतून आल्यावर त्या मुलीला सांभाळत होते, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट झोप लागली. आठव्या दिवशी मी फाइल पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवून दिली. मावशींना दिसत नव्हतं. तालियाला मराठी वाचता येत नव्हतं. पुस्तक येईल तेव्हा मावशी असतील की नसतील, हाही हिशोब मी मनात केला होता. तोही इथे लिहून ठेवते.

तालियाला मराठी वाचता येत नसलं तरी तिच्या फोनला येत होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. आजीला पुस्तक पुरं ऐकता यावं म्हणून तिने फाइल मोठ्याने वाचणारं ॲप शोधून काढलं. आणि मावशींनी ठरवलं, की आपण ते रोज्याच्या दिवशी ऐकायचं.

डॉक्टरांनी उपासाला नाही म्हटलं होतं, सिनेगॉगमधल्या रब्बाईंनी आजाऱ्याला सूट आहे म्हणून सांगितलं होतं, आणि मावशींनी दोघांचंही ऐकून घेऊन उपास धरला होता. मी दुपारी वाल सोलायला गेले. दार तालियाने उघडलं. तिचा चेहरा उतरलेला होता. "आजी इज व्हेरी अपसेट. आय डोन्ट नो व्हाय. ती सारखं रिप्ले करायला सांगतेय."

मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की अंगावरचा गाउन रिकामाच वाटत होता. पुढ्यात मोडाचे वाल, हात त्यांत घातलेला, पण सोलत नव्हत्या. फोनमधून एक सपाट बाईचा आवाज माझ्या अकरा ओळी वाचत होता. त्या आवाजाला दूध काय आणि धूळ काय, सारखंच. शेळीच्या दुधाचा बोळा, पोरीचे ओठ हलले, तामार हसली.

"बंद कर," मावशी तालियाला म्हणाल्या. मग माझ्याकडे मान तिरकी केली. "हे कुणाचं आहे?"

"माझं."

"मी कधी सांगितलं?"

"नाही सांगितलं." मी तिथेच दारापाशी खाली बसले. "मावशी, माझ्याच्यानं नाही झालं. माझ्याच हातानं कसं मारू तिला?"

त्यांनी एक वाल उचलून सोलला. मग तालियाला कोरड्या आवाजात म्हणाल्या, तू खाली जाऊन ये जरा. ती गेली. मावशी बोलायला लागल्या, आणि जे बोलल्या ते त्यांनी नवऱ्याला, मुलीला, कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मुंबईत त्या तेवीस वर्षांच्या, नव्या नर्स. शहरात दंगल झाली, कर्फ्यू लागला, चार दिवस रस्ते बंद. दुधाची गाडी आली नाही. बाळांच्या वॉर्डात तीन मुलं होती ज्यांना आईचं दूध नव्हतं. एकाची आई बाळंतपणात गेली होती, एकाच्या आईला दूध उतरलं नव्हतं, एकाची आई तापाने बेशुद्ध होती. डब्यातली पावडर दोघांपुरती.

"तिघांत वाटायचं ना," मी म्हटलं.

"तिघांत वाटलं असतं तर तिघंही गेली असती, असं मला वाटलं." त्यांनी वाल बोटांत फिरवला. "वाटलं. मला माहीत नव्हतं, बाय. अजूनही नाही."

"वॉर्डात बाकीच्या बाया होत्या ना?"

"होत्या. एकीने दोनदा पाजलं, मग तिची माणसं तिला घेऊन गेली. दुसरीने विचारलं, कुणाची आहे? मी सांगितलं. तिने पदर ओढून घेतला."

कुणाची होती ते मी विचारलं नाही. मावशींनीही सांगितलं नाही.

सात नंबरच्या खाटेवरच्या बाईची मुलगी. तिला मावशींनी साखरेचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली आणि मावशी धावल्या, पण घेऊन काय धावल्या, तर रिकामी बाटली. वरिष्ठ बाईंनी रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं, जन्मतः अशक्त. मावशींनी लिहिलं. कर्फ्यू उठल्यावर आईचा ताप उतरला, तिने विचारलं, सिस्टर, कशानं गेली माझी? "मी म्हटलं, झोपेत गेली हो, काही त्रास झाला नाही तिला. तर ती बाई माझ्या पाया पडली. मला म्हणाली, तुमचे उपकार."

बिरड्याच्या टोपल्याकडे बघत, म्हणजे खरं तर टोपल्याच्या शेजारी बघत, त्या म्हणाल्या, "त्या बाईला मी खरं सांगायला पाहिजे होतं. ती आता कुठे सापडायची? म्हणून एक पान लिहायचं होतं. बाकीची तीनशे पानं त्या पानाला आधार म्हणून लिहिली. आणि तू त्याच पानात दूध ओतलंस."

मी माफी मागितली असेन, आठवत नाही. आठवतं ते हे, की माझ्या मुलीसाठी मी जे केलं असं मला वाटत होतं, ते मी ह्या बाईचं ओरबाडून केलं होतं. आणि बाई मरायला टेकली होती.

"रागावलात ना?" मी शेवटी विचारलं.

"रागावलेय तर. लॅपटॉप काढ."

जुनी फाइल मी ठेवली नव्हती. मावशींनी ते प्रकरण पुन्हा सांगितलं. दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नसताना, मध्ये मध्ये ओठांवरून जीभ फिरवत. मार्चमध्ये सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. त्यातलं थोडं इथे देते, कारण त्यांच्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी त्या ह्यातच जास्त आहेत:

"तिसऱ्या दिवशी पोर रडायची थांबली. शेजारणीला वाटलं, झोपली. तामारला माहीत होतं. तिने पोरीला छातीशी धरलं नाही, मांडीवर घेतलं. छातीत काही नव्हतं, आणि पोरीला उगीच आशा लावायची नव्हती. मग ती तिच्या टाळूवर हात ठेवून बसली. सकाळी हात उचलला आणि जात्यावर गेली. दळायला कोंडा होता."

टाइप करून झाल्यावर मी विचारलं, "मावशी, हे वाचून वाचणाऱ्या बायकांना काय मिळणार?"

"काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक होईल."

मग पुढची चौदा ठिकाणं. मी एकेक जागा वाचून दाखवायची, त्या "काढ" म्हणायच्या, मी काढायची. कडेवरून काढली, शेजारणीच्या अंथरुणातून काढली. तेराव्या जागेला माझा हात थांबला. मावशींनी चाचपडत माझं मनगट धरलं, वाल सोलून ओल्या झालेल्या बोटांनी, आणि मी काढेपर्यंत सोडलं नाही. उरलेले वाल तालियाने परत येऊन सोलले, आणि उजेड मावळताना आम्ही तिघींनी बिरडं केलं. मावशींनी दोन चमचे खाल्लं, त्यातलंही एक उलटून पडलं. निघताना मला म्हणाल्या, "दुसरी कुणी असती तर तिने मुकाट टाइप केलं असतं, आणि मला कळलंही नसतं की पान जमलंय की नाही." त्यांनी मला माफ केलं होतं का, हे मला त्या वाक्यावरून आजही ठरवता येत नाही.

नवी फाइल मी त्याच रात्री प्रकाशकांना पाठवली. पानगळ सुरू झाल्यावर मावशी गेल्या. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिसची, म्हणजे मरणाऱ्यांची घरी येऊन काळजी घेणारी, नर्स आली की तिच्या बॅगेत काय काय आहे ते विचारायच्या, आणि "दोन दिवसांचं आहे फक्त" म्हणून तिला रागवायच्या. मुलगी हर्नडनहून येऊन राहिली होती. मराठी मंडळातले सहा आणि सिनेगॉगमधले नऊ, एवढी माणसं मातीला होती. एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा असतो, पोह्यांत गूळखोबरं घालून, एवढं तालियाला आठवत होतं. प्रमाण कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही अंदाजाने केला. गोड फार झाला.

डिसेंबरात पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. अगदी सभ्य गृहस्थ. आधी त्यांनी मावशींबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि ते खरंच असावं. मग म्हणाले, "पुस्तक करायचंय आपल्याला. फक्त तुमच्या पहिल्या फाइलमध्ये तो बाळाचा प्रसंग होता ना, शेळीच्या दुधाचा, तो फार सुंदर उतरला होता हो. माझ्या मिसेसच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या फाइलमध्ये तो काढलाय. तोच राहू द्या. वाचकाला थोडी आशा लागते. बाई आता नाहीत, तुम्हीच ठरवू शकता."

आयुष्यात माझ्या लिहिण्याचं कुणी कौतुक केलं ते तेवढंच, आणि ते त्या अकरा ओळींचं. पुस्तक निघावं म्हणून मावशी मरणाच्या दारात बसून सांगत राहिल्या होत्या, आणि ते निघायला माझं एक हो पुरेसं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी समजावून पाहिलं. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि ह्या वेळी जरा मोठ्याने, कारण माझा स्वतःवर भरवसा नव्हता. विचार करून कळवतो म्हणाले. ते अजून विचार करताहेत.

ह्या उन्हाळ्यात रोज्याच्या दिवशी तालियाने मला बोलावलं. वाल तिनेच भिजवले होते, मोडही चांगले आले होते. सोलून झाल्यावर म्हणाली, "प्रज्ञामावशी, आजीचा तो चॅप्टर वाचशील? ॲप नको. तू वाच."

मी वाचला. तिला अर्धंअधिक मराठी कळतं, अवघड शब्द आला की तिच्या कपाळावर आठी पडते. जात्यापाशी आले आणि थांबले. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली, "पण बेबी झोपली होती, राइट? ती नेबर म्हणाली ना, झोपली?"

तिचा चेहरा अगदी लहान मुलीसारखा झाला होता. हो म्हटलं असतं तर ती उठून बिरडं फोडणीला टाकायला गेली असती.

"नाही," मी म्हटलं. "ती भुकेनं मेली."